रिकामी नाव फिरवणारे तात्या

सकाळी शहागडच्या पुलावरून जाणारे ट्रक मध्यावर आले की थोडे हळू व्हायचे. खाली गंगेच्या काठानं एक म्हातारा चाललेला असायचा. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. अंगात पांढरा सदरा, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, पायजमा पोटरीपर्यंत वर घेतलेला आणि हातात एक दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला पाण्यावर एक नाव. लांब, सडपातळ, नारिंगी. मासेमारीच्या नावेसारखी पसरट नाही, शेंगेसारखी निमुळती. तिच्यात कुणी नसायचं. म्हातारा चालला की नाव चालायची. तो थांबला की ती जरा पुढं सरकून थांबायची. बाभळीच्या बनापर्यंत तो तिला न्यायचा, तिथं काही वेळ उभा राहायचा आणि परत आणायचा.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी ड्रायव्हर विचारायचाच, "वो नीचे बुढ्ढा क्या करता है?" टपरीवाला कधी सांगायचा, नवस आहे. कधी सांगायचा, नाव विकायचीय म्हणून दाखवत फिरतात. खरं सांगणं त्याला जड जायचं. टपरीला लागून माझं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं आणि झेरॉक्सचं. मला खरं माहीत होतं, कारण घरापासून पाण्यापर्यंत ती नाव ज्या गाड्यावरून जायची, ते गाडं तात्यांनी माझ्या दुकानात बसून निवडलं होतं.

अंकुशतात्यांच्या घरात वडिलांपर्यंत मेंढरं होती. लहानपणी तेही कळपामागं मुलखभर चाललेले. पुढं कळप मोडला, नदीकडं थोडी जमीन झाली, कापूस आला, सोयाबीन आलं. कापसाच्या हंगामात ते जिनिंगवर वॉचमन म्हणून जायचे. पण चालणं सुटलं नाही. शहागडात दोन पावलांवर जायचं असलं तरी ते मागं हात बांधून, डोळे जमिनीवर ठेवून, लांबच्या गावाला निघाल्यासारखे चालायचे. कुणी म्हणालं, "तात्या, बसा गाडीवर," तर म्हणायचे, "जल्दी कशाची? पाय हायेत ना बराबर."

त्यांना उशिरा झालेली एकच मुलगी, अश्विनी. घरात आशू. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला गोळा फेकताना पाहिलं आणि तिचे खांदे बघून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तलावावर पाठवलं. तिथं मुलामुलींना शर्यतीच्या नावा चालवायला शिकवतात. तिचे सगळे फॉर्म मीच भरायची. पहिल्याच फॉर्मला तिनं मला अडवलं होतं. "काकू, होडी नका लिहू. कयाक लिहा." मग हातवारे करून मला दाखवलं, वल्हं एकच असतं पण त्याला दोन्हीकडं पाती असतात, पाय पुढं लांब करून बसायचं, पायानं सुकाणू फिरवायचं. माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिनं ते इतकं मन लावून केलं की झेरॉक्सला थांबलेले दोघे हसायला लागले. तीही हसली.

तिच्या स्पर्धा नेमक्या कापसाच्या दिवसांत यायच्या. ती म्हणायची, "तात्या, या ना बघायला." तात्या म्हणायचे, "पुढच्या बारीला येतो. हंगाम हाय." ते असं सगळ्यालाच म्हणायचे. लग्नाचं आमंत्रण असो, डोळे तपासायचे असोत, पुढच्या बारीला. त्यात टाळाटाळ नव्हती. पुढची बारी येणारच, अशी त्यांची खात्री असायची.

एका पावसाळ्यात तिकडंच तिला ताप आला. साधा असेल म्हणून तिनं अंगावर काढला. मग तो मेंदूत गेला. तिच्या खोलीत राहणाऱ्या निकितानं तात्यांना फोन केला. तात्या आणि त्यांच्या घरच्या गयाकाकू एसटीनं निघाले, मध्ये गाडी बदलली. पोचले तेव्हा दवाखान्यात त्यांना कुणी वर जाऊ देईना, खालीच बसवून ठेवलं. तेवढ्यावरून ते समजले. अश्विनी एकोणीस वर्षांची होती.

दिवाळीच्या सुमाराला तिकडच्या सरांनी तिची नाव टेम्पोत घालून घरी पोचवली. ती तिची स्वतःची होती, जुनी, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली. आजवर ती शहागडात कधी आली नव्हती. अश्विनी सुट्टीत यायची ती एसटीनं, पाठीला एक पिशवी घेऊन. आता नाव आली आणि ती नाही. अंगणात दोन बाजा टाकून त्यावर नाव ठेवली. गयाकाकूंनी तिच्यावर आपलं जुनं लुगडं पांघरलं. येणारे-जाणारे बाहेरूनच बघून पुढं जायचे, कारण अंगणात कुणीतरी झोपवलंय असंच दिसायचं.

काही आठवडे गेल्यावर तात्या एका सकाळी ते लुगडं बाजूला करून नाव खांद्यावर घेऊन एकटेच निघाले. नाव वजनाला अगदी हलकी, पण लांबी एवढी की मागचं टोक पुढच्याला ऐकत नाही. हायवेच्या कडेला येताच एक कंटेनर जोरात गेला, त्याच्या वाऱ्यानं नाव गर्रकन फिरली आणि तात्या तिच्यासकट खाली आले. खांदा सुजला. नावेला मात्र काही झालं नव्हतं. पडताना ते खाली आणि ती वर, असे पडले होते.

त्यानंतर ते माझ्या दुकानात आले. हात गळ्यात बांधलेला.

"ताई, नाव न्यायचं गाडं भेटतं का फोनवर?"

मला वाटलं, हातगाडी विचारतायत. ते म्हणाले, "तसं न्हाई. आशूच्या तिकडं व्हतं. दोन चाकाचं. नावेच्या खाली बांधायचं अन् नाकाला धरून ओढत न्यायचं. तिनं सांगितल्तं मला. मी बराबर ऐकलं न्हाई तवा."

मी शोधलं, तर खरंच तसली गाडी निघाली, आणि एक नाही, पानंच्या पानं. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला. तात्यांनी खुर्ची पुढं ओढली. त्या दिवशी माझी बाकीची गिऱ्हाइकं ताटकळली, पण त्यांना घाई करायचं माझ्या जिवावर आलं. मुलीसाठी स्थळ बघावं तसे ते एकेक गाडं बघत होते.

पहिलं दिसलं त्याला वर दोन खुंट्या होत्या. नावेच्या बुडाला भोकं असतात, त्यांत त्या खुपसायच्या. तात्या म्हणाले, "आपल्या नावेला भोक न्हाई. पाडायचं बी न्हाई." दुसरं नुसतं मागच्या टोकाला अडकवायचं होतं. ते त्यांना आवडलं, हलकं होतं. पण नंतर म्हणाले, "मागं खाली तिचं पातं हाय. ते सुकाणू. ते मोडंल." मग मधोमध लावायची गाडी बघायला लागलो. नावेचं बूड ज्यावर टेकतं त्या दोन दांड्यांना फोम आहे का, पट्टे किती लांब, गाडं उभं राहायला पाय आहे का, हे त्यांनी एकेकाचं विचारून घेतलं. पायाचं विशेष विचारलं. "मी एकलाच असतो. नाव चढवताना गाडं पळालं न्हाई पाहिजे."

चाकांवर मात्र अडलं. हवेच्या चाकांची गाडी सगळ्यांत चांगली, असं खाली लोकांनी लिहिलं होतं. तात्या म्हणाले, "आपल्या वाटंला बाभळीचे काटे हायेत. रोज पंक्चर." बारीक कडक प्लास्टिकची चाकं होती, त्यांना पंक्चरची भीती नाही. गाडीची घडी होऊन पिशवीत मावत होती. तात्यांनी ती निवडली.

नाव नेमकी केवढी, हे विचारायला विक्रेत्याकडून फोन आला. हिंदी बोलणारी कुणी मुलगी होती. मी स्पीकरवर लावला. तिनं लांबी विचारली, रुंदी विचारली. तात्यांनी खिशातून एक सुतळी काढली. नावेच्या पोटाखालून घेऊन गाठ मारून आणलेली ती सुतळी त्यांनी माझ्या टेबलाच्या कडेला धरली, मी मोजून सांगितलं. मग तिनं सहज विचारलं, "चलाता कौन है, सर?"

तात्या म्हणाले, "लडकी चलाती."

"कितना वजन है उनका?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी फोनजवळ वाकून सांगितलं की गाड्यावर कुणी बसणार नाही, नुसती नाव न्यायची आहे. तिकडून ती म्हणाली, "ओके मॅम." फोन बंद झाला. तात्या बराच वेळ ती सुतळी बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "शेवटी लई हलकी झाल्ती म्हणं."

ते गाडं आलं आणि बिनकामाचं निघालं. घरापासून डांबरीपर्यंत ठीक चाललं. पुढं नदीची काळी माती लागली. वरून कोरडी, आतून ओली. बारीक चाकं त्यात रुतली, आणि तात्यांनी ओढलं तसं ती फिरायचीच थांबली. नांगर ओढल्यासारखे दोन चर पाडत ते थोडं पुढं गेले आणि तिथूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी गाडं माझ्या दुकानात आणून ठेवलं. रागावले नव्हते. म्हणाले, "चाक मातीला विचारून घ्यायचं असतंय. मी काट्याला विचारलं, मातीला विचारलं न्हाई."

पुन्हा बसलो. या वेळी त्यांना रुंद चाक हवं होतं, पण हवा नसलेलं. अखेर एक सापडलं. आतून भरीव, फोमचं, हाताच्या वितीएवढं रुंद, जमिनीवर पसरून चालणारं. गाडी जड होती, घडी मोठी होती, खाली लिहिणाऱ्या एकानं त्याबद्दल तक्रारही केली होती. तात्या म्हणाले, "जड असू द्या. मला कुठं लांब जायचंय?"

ते आलं त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. सकाळची वेळ, दुकान उघडायचं होतं. त्यांनी पाय खाली करून गाडं उभं केलं, नाव उचलून आधी नाक आणि मग पोट असं दांड्यांवर टेकवलं, पट्टे आवळले. आवळून पुन्हा अर्धं बोट सैल केले. मग नाकाजवळचं कडं धरून निघाले. हायवेखालच्या बोगद्यातून जाताना वरून ट्रकांचा आवाज येत होता आणि नाव आपली गुपचूप मागं येत होती. काळ्या मातीत चाकं बुडाली नाहीत. मागं फक्त दोन रुंद, सपाट पट्टे उमटले.

काठावर त्यांनी नाव पाण्यात सोडली, नाकाला दोरी बांधली आणि चालायला लागले. बंधाऱ्यामुळं इथं पाणी संथ असतं. नाव बरोबरीनं यायला लागली. पाण्यावर तिचा आवाज अजिबात नव्हता. मी त्यांच्या मागं चालत होते, आणि खरं सांगते, थोड्या वेळानं मला नावेकडं बघवेना. बसायची ती खोबण एवढी रिकामी दिसत होती की तिच्यात कुणीतरी असल्यासारखं वाटायला लागलं.

बाभळीच्या बनाशी तात्या थांबले. म्हणाले, "ताई, मी तिला यात बसलेली कधी बघितलीच न्हाई."

नाव जरा पुढं सरकून थांबली.

"नाव घरी आल्यापासून मी रोज बघायचं म्हणून राह्यलो. डोळ्यानं तिला बसवतो तिथं. वेणी दिसती. कानातलं दिसतं. मानंवरचा तीळ दिसतो. पण हात हालत न्हाईत." त्यांनी दोरी दुसऱ्या हातात घेतली. "मला तिचे हात कापूस वेचतानाचे म्हाईत. भाकरी थापतानाचे म्हाईत. नावंत बसवली की ती तिथं बसून कापूस वेचायला लागती. पाण्यातून कापूस वेचती, ताई. मला ते बघवत न्हाई. अन् न्हाई बघितलं तर ती तेवढी बी राहत न्हाई."

दोरीला हिसका न देता त्यांनी जिभेनं टाळूवर एक आवाज काढला, कळप वळवताना काढतात तसा. आणि नाव वळली. वाऱ्यानं वळली असेल.

तेव्हापासून तात्यांचं रोजचं सुरू झालं. गयाकाकू कधी काठावर गेल्या नाहीत. एक दिवस त्या दुकानात आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "बाई, तुमचं ते गाडं लई चांगलं निघालं. वाईट निघाय पाहिजे व्हतं." मग बसल्या. त्या सांगत होत्या की तात्या परत आल्यावर नाव पुसतात, ती आतूनसुद्धा पुसतात, बसायची जागा कोरडी करतात आणि मग जेवायला येतात. जेवताना बोलत नाहीत. भिंतीला तिचं वल्हं लावून ठेवलंय, ते कधी कधी आपोआप खाली घसरतं. "मी म्हणती उंदीर असंल. ते म्हणत्यात, उंदीरच हाय. पर आम्ही दोघं बी उठून बघत न्हाई." मग हळूच म्हणाल्या, "तिचा नाव चालवतानाचा एखादा व्हिडिओ भेटला तर बघा. एकदा बघितलं तर निवतील बिचारे."

मी शोधलं. अश्विनीच्या फोनमध्ये फोटो होते, पण पदक गळ्यात घातलेले, नाव खांद्यावर घेतलेले, मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकलेले. पाण्यावरचा एक होता, त्यात लांबून एका रांगेत पाच ठिपके होते. त्यातला तिचा कोणता, कुणाला सांगता येईना. शेवटी मी तात्यांकडं निकिताचा नंबर मागितला. त्यांनी फोनच माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. "तुम्हीच काढा. तो नंबर दिसला की माझा हात गार पडतो."

निकितानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "व्हिडिओ होता. मी काढून टाकला, काकू. ती गेल्यापासून मीपण नावेत बसले नाही." मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाली, "मी येते."

ती आली ती एका रविवारी सकाळच्या एसटीनं, कापडी गवसणीत स्वतःचं वल्हं घेऊन. अश्विनीच्याच वयाची, तशीच रुंद खांद्यांची, केस मात्र बारीक कापलेले. तात्यांना वाकून नमस्कार केला आणि दोघांना काय बोलावं ते सुचेना. मग तिनं गाडं पाहिलं. खाली बसून चाक दाबून पाहिलं. "आमच्याकडं असलं एक पण नाही," ती म्हणाली. "तुम्ही कुठून शोधलं?" तात्यांना बोलायला विषय मिळाला. काठापर्यंत सगळी वाट ते तिला खुंट्यांचं, पात्याचं, काट्यांचं आणि मातीचं सांगत गेले. ती मान डोलावत होती.

काठावर आल्यावर मात्र ती थांबली. पाण्यात गुडघाभर उभी राहून नावेच्या कडेला हात लावून नुसती उभी. मग एका झटक्यात आत बसली. नाव खाली दबली. तात्यांच्या तोंडून श्वास सुटल्याचा आवाज मला ऐकू आला. एवढे दिवस त्यांनी ती नाव वजनाशिवाय पाहिली होती.

दोरी अजून त्यांच्या हातात होती. निकिता म्हणाली, "तात्या, दोरी सोडा."

त्यांनी सोडली नाही. तिनं पुन्हा सांगितलं नाही, ती वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिली. थोड्या वेळानं तेच पाण्यात उतरले, नाकाजवळची गाठ दातानं सैल केली आणि दोरी गोळा करत मागं आले.

ती निघाली. मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. नाव पाण्यावरून नाही, रुळावरून जावी तशी सरळ गेली. दोन्ही पाती उन्हात आळीपाळीनं वर यायची आणि पाण्याचे थेंब मागं उडायचे. पुलाच्या खांबांपर्यंत जाऊन ती वळून परत आली. धाप लागली होती.

तात्यांनी विचारलं, "ती अशीच मारत व्हती का?"

"नाही," निकिता म्हणाली. "ती डावीकडून जास्त जोर लावायची. मान जरा उजवीकडं कलती ठेवायची. सर ओरडायचे, पण तिची सवय गेली नाही."

"तशी मार."

निकितानं माझ्याकडं पाहिलं. मग पाठ ताठ केली, मान उजवीकडं किंचित झुकवली, आणि पुन्हा निघाली. डावा हात जड, उजवा हलका. जरा लांब गेल्यावर कापलेले केस दिसेनासे झाले, चेहरा दिसेनासा झाला, राहिले फक्त ते खांदे आणि ते हात. माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दाखवलेले हात. मागं बांगड्या वाजल्या म्हणून मी वळून पाहिलं. गयाकाकू उभ्या होत्या. आमच्या मागून त्या कधी आल्या, कळलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडात धरला होता. कुणाला हाक मारल्यासारखं नाही, नुसतं ओळखल्यासारखं त्या म्हणाल्या, "आशू."

तात्यांचे दोन्ही हात कमरेपाशी आले होते आणि नकळत हलत होते, डावा जोरात, उजवा हळू.

निकिता या वेळी खूप लांब गेली. पुलाखालून पलीकडं गेली, दिसेनाशी झाली, आणि आम्ही तिघं त्या पाण्याकडं बघत उभे राहिलो. परत आली तेव्हा ती रडत होती. नंतर स्टँडवर बसची वाट बघताना मला म्हणाली, "काकू, मला वळायचं होतं. पण हात थांबेचनात. तिचे हात कसे थांबवायचे ते मला माहीतच नव्हतं."

मला वाटलं होतं, आता तात्या निवतील. दुसऱ्या दिवशी पुलाखाली नाव दिसली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मीच घरी गेले. नाव बाजांवर होती, लुगडं पांघरलेलं नव्हतं. तात्या तिच्याजवळ उकिडवे बसले होते.

"आता हात हालतात, ताई," ते म्हणाले. "लई चांगले हालतात. डोळा मिटला की चालवती. पण थांबत न्हाई. आधी काठाकाठानं माझ्या संगं यायची. आता पुलाखालून जाती, ती मागं वळून बघत न्हाई. मी काठानं किती पळू?"

गयाकाकू दारात धान्य निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

निकिता पुन्हा नावेत बसायला लागली, असं तिच्या फोनवरून कळलं. तिच्याजवळ स्वतःची नाव नव्हती, तलावावरच्या केंद्रातली आलटून पालटून मिळायची. तात्यांनी तिला बोलावून घेतलं आणि नाव घेऊन जा म्हणाले. ती नको नको म्हणत होती. तात्या म्हणाले, "इथं ती उभीच राहती. नाव उभी ठेवू न्हाई." टेम्पोत चढवताना त्यांनी गाडंही चढवलं. पट्टे कसे आवळायचे आणि आवळून किती सैल सोडायचे, ते तिच्या हातून करून घेतलं. टेम्पो निघाल्यावर फाट्यापर्यंत मागं चालत गेले, आणि मग हायवेच्या कडेला थांबून टेम्पो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. गयाकाकूंनी त्या दोन बाजा लगेच घरात घेतल्या.

नाव गेली तरी ते सकाळी काठावर जायचे. मागं हात बांधून, बनापर्यंत आणि परत. ट्रकवाले आता हळू होत नसत. काठानं एक म्हातारा चाललाय, त्यात बघण्यासारखं काय?

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. दुपारचं जेवून लिंबाखाली पडले ते उठलेच नाहीत. निकिता आली होती. तिनं खांदा दिला. कुणी तिला अडवलं नाही.

त्याआधी थोडे दिवस ते माझ्या दुकानात शेवटचे आले होते. काम काहीच नव्हतं. गर्दी सरायची वाट बघत बाकावर बसून राहिले आणि मग म्हणाले, "ताई, ही आपली गंगा पुढं कुठं कुठं जाती, ते दिसतं का तुमच्या यात?"

मी नकाशा उघडला. शहागडचा पूल शोधला, आणि तिथून माउसनं नदी पुढं सरकवत गेले. ते पडद्याला नाक लावून बघत होते. कुठं बंधारा आला की म्हणायचे, "हितं उतरावं लागंल." मी थांबायची. ते जरा वेळानं मान हलवायचे, की मी पुन्हा पुढं घ्यायची. परभणीकडचा मुलूख गेला, गंगाखेड गेलं, नांदेड गेलं. तिथवर त्यांना ठाऊक होतं, लहानपणी कळपामागं ऐकलेली नावं होती. पुढं तेलंगणातली गावं लागली, ती मी वाचून दाखवत होते. नदी रुंद होत गेली, मध्ये बेटं आली. मग डोंगर आले, त्यांच्यामधून ती वाकडी वाकडी गेली. मग सपाट हिरवी जमीन, नदीचे दोन फाटे, आणि एकदम सगळा पडदा निळा.

"हे काय?"

"समुद्र, तात्या. इथं संपते."

त्यांनी त्या निळ्यावर हळूच तळवा ठेवला. काच गरम लागली असेल, पण काढला नाही.

"तिला जाऊन किती दिस झाले?" ते म्हणाले. माझं उत्तर त्यांना नको होतं, ते स्वतःशीच बोटांवर काहीतरी मोजत होते. मोजता मोजता थांबले. रुमाल नीट केला, बाकाला हात टेकून उठले आणि दारातून बाहेर उन्हाकडं बघत म्हणाले,

"मंग पोचली असंल."